दुपारी साडेतीनला उघडणारं ऑफिस

१

“बिघडलेली वस्तू पुढ्यात आली ना वैजू, की लगेच पान्हा घेऊन बसायचं न्हाई. आधी इचारायचं, ही शेवटची धड कवा चालत व्हती? आन् मग इचारायचं, तवापासून काय बदललं?”

गेणभाऊ जुन्नरच्या पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. पण ते दोन प्रश्न त्यांच्या लेकीने, वैजयंतीबाईंनी, जन्मभर वापरले. अठ्ठावीस वर्षं पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवून त्या निवृत्त झाल्या. मी दुसरं फारसं काही शिकवलंच नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

त्या सोमवारी सकाळी ते दोन प्रश्न एका मेलेल्या मुलीबद्दल विचारायची वेळ आली.

बाईंचा नेम असा, की अंघोळीनंतर जपाच्या अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. सातवी माळ चालू असताना दारात अनवरी उभी राहिली. अनवरी म्हणजे तालिबची आई. तालिब बाईंचा विद्यार्थी, आता पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. रमजानचे दिवस, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि चेहरा रडून सुजलेला.

“बाई, तालिबला घेऊन गेले. चौकशीला म्हणतात. त्या अक्षदाचा पत्ता त्यानंच फोडला म्हणतात.”

बाईंची माळ थांबली, पण ओठ मिटलेलेच राहिले. त्यांनी हातानेच पाट पुढे केला.

“मला बसायचं न्हाई! तुमीच त्याला त्या ओवरीत नेलं व्हतं ना? फुकट काम कर, पुण्य लागतं म्हणून? त्यानं एक रुपया घेतला न्हाई. आता पेठेतले लोक म्हणतात, पोरगी ह्याच्यामुळं मेली.” अनवरीने पदराने डोळे पुसले. “बोला की काहीतरी. तुमचा देव तुमाला बोलू देईना, अन् माझ्या पोराचं कुणी ऐकून घेईना.”

बाईंनी उरलेल्या चार माळा पुऱ्या केल्या. अनवरी उभीच होती. शेवटचा मणी ओढून बाई उठल्या आणि दिवसाचा पहिला शब्द बोलल्या.

“चल.”

२

ओवरी म्हणजे दोन खोल्यांचं ऑफिस. मारहाणीतून पळून आलेल्या बायकांना इथून पुढे कुठल्यातरी विश्वासाच्या घरी लपवून ठेवायचं आणि त्यांची कोर्टाची, सरकारी योजनांची कामं बघायची, असं ते काम. ते उभं केलं मंगलताईंनी. मंगलताई आणि वैजयंतीबाई, दोघींची सोळा वर्षांची संकष्टी एकत्र. चंद्र दिसल्याशिवाय एकीने दुसरीआधी घास घेतलेला नाही.

अक्षदा चोवीस वर्षांची, अवसरी बुद्रुकला दिलेली. नवऱ्याने दोनदा गळा दाबला तेव्हा नेसत्या साडीनिशी निघाली. ओवरीने तिला बोरी बुद्रुकला चिमाबाई नावाच्या म्हातारीच्या वस्तीवर ठेवलं. तिथे ती कुणाचीतरी भाची होती, नाव सुमन. चार महिने कुणाला पत्ता नव्हता. परवा शनिवारी पहाटे ती चिमाबाईच्या विहिरीत सापडली. नवरा संध्याकाळी पकडला गेला. मारल्याचं त्याने नाकारलं नाही. पत्ता कुठून मिळाला एवढंच सांगेना. फोन त्याने कालव्यात टाकला होता.

“मला कळायचं ते कळलं,” एवढंच म्हणाला.

मंगलताई टेबलामागे बसल्या होत्या. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या. शेजारी ज्ञानेश्वर, ऑफिसचा एकुलता एक कारकून, उभा.

“बाई, मला तालिबबद्दल वाईट वाटतं,” ज्ञानेश्वर म्हणाला, “पण यंत्र खोटं बोलत नाही. हे बघा.”

खोलीच्या कोपऱ्यात तो जुना कॉम्प्युटर. कुणीतरी देणगी दिलेला. तालिबने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं आणि बायकांच्या फायली एका कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. लिनक्सचं इंटरनेट त्याने मुद्दाम तोडून टाकलं होतं. ‘या नावांना बाहेर जायला दारच नको,’ असं त्याचं म्हणणं. पडद्यावर फक्त तीन चित्रं: फायली, टायपिंग, बंद करा. मंगलताई गोंधळतात म्हणून बाकी सगळं, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा, त्याने काढून टाकलेलं.

मंगलताईंनी उठून पासवर्ड टाकला आणि ज्ञानेश्वरने अक्षदाची फाईल न उघडता नुसती तिची माहिती उघडली. शेवटची उघडली: मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

“मंगळवारी पाच ते सहा इथे तालिब एकटा होता. प्रिंटर दुरुस्तीला. किल्ली मीच देऊन गेलो होतो. फौजदारसाहेबांना हेच दाखवलं.”

“पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला,” मंगलताई खालच्या आवाजात म्हणाल्या. “आणि ज्याने फोल्डर केला त्याला असणारच.”

“तुला, ज्ञानेश्वर?”

“नाही बाई. विचारा ताईंना.” तो थोडा लाल झाला. “माझं गाव अवसरी आहे, तिचा नवरा माझ्या भावकीतला आहे, हे तुमच्या मनात आलंच असेल. गावात सगळे तेच बोलतायत. म्हणून तर यंत्राचाच पुरावा बरा.”

मंगलताईंनी मान वर केली. “वैजू, मंगळवारी पाचला मी तुझ्याच घरी होते ना? अंगारकीचा प्रसाद घेऊन?”

“होतीस.”

होतीच. बाईंचा घोटा सुजला होता म्हणून त्या ओझरच्या गणपतीला गेल्या नव्हत्या; मंगल एकटीच गेली आणि संध्याकाळी प्रसाद घेऊन आली. खडीसाखर आणि खोबऱ्याचा तुकडा. दरवेळी त्यात देवावरची एक दूर्वा असायची, बाई ती पोथीत ठेवायच्या. या वेळी नव्हती. ‘गर्दीत कुठे पडली गं,’ मंगल म्हणाली होती.

बाई उठल्या. दाराशी अनवरी वाट बघत होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मंगलताईंनी उचलला, ऐकलं आणि तो बाईंपुढे धरला.

“जास्मिन आहे. माझ्याशी बोलायचं नाही म्हणते.”

३

जास्मिन ही ओवरीची दुसरी लपवलेली मुलगी. मांडीवर अकरा महिन्यांचं बाळ. भीमाशंकरच्या रानाकडे, आंबेगावच्या पश्चिम टोकाच्या एका वाडीत, भातशेती करणाऱ्या एका घरात ती राहत होती. तिथे फोनला रेंज यायची ती टेकडावर चढलं तरच.

“बाई, अक्षदाचं कळलं,” ती म्हणाली. धापा टाकत होती. “खरं आहे?”

“खरं आहे.”

“कुणी सांगितलं त्याला?”

“अजून कळलं नाही.”

 ओवरीत आलेल्या मुलींना पुढे लपायला पाठवण्याआधी बाई दर शनिवारी शिकवायच्या: जुना नंबर पुन्हा कुठे द्यायचा नाही, ठिकाण विचारणाऱ्या प्रत्येक खिडकीला नाही म्हणायचं. अक्षदा आणि जास्मिन एकाच बाकावर बसायच्या. अक्षदा वहीत सगळं उतरवून घ्यायची, जास्मिन नुसती ऐकायची.

“मग माझा पत्ता पण त्याच कपाटात आहे ना?” जास्मिन म्हणाली. “बाई, माझा दीर नवऱ्यापेक्षा वाईट आहे. तुम्ही कुणाला पाठवू नका. पोलीस नको, तालिबभाई नको, ताई पण नको. कोण काय आहे ते मला आता कळत नाही. मी दार कुणाला उघडणार नाही.”

“मला?”

“तुम्हाला उघडीन.”

“मग मी स्वतः येईन,” बाई म्हणाल्या. “तुला हलवायची वेळ आली तर दुसरं कुणी येणार नाही. मी येईन. शब्द देते.”

फोन ठेवून त्या तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. तालिब व्हरांड्यात बाकावर बसला होता. समोर कुणीतरी माणुसकीने ठेवलेला चहा, साय धरलेला. रोजा होता, त्याने हात लावला नव्हता.

“बाई, मी मशीनला हातच लावला नाही,” तो म्हणाला. “प्रिंटर कागद ओढत नव्हता. रोलर साफ केला, प्रिंटरच्याच बटणाने चाचणीचं पान काढलं, कुलूप लावून निघालो. पडदा चालूसुद्धा केला नाही.”

“पासवर्ड?”

“मला माहीत नाही. मंगलताईंनाच टाकायला लावला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, त्या हसल्या पण होत्या. तुम्हीच शिकवलं होतं ना, दुसऱ्याचा पासवर्ड आपल्याला कळता कामा नये म्हणून?”

आतून फौजदार बाहेर आले. तरुण, दोन दिवस न झोपलेले. “बाई, तुमचा विद्यार्थी आहे, समजू शकतो. पण कुलूप बनवणारा म्हणतो मला किल्ली माहीत नाही. आणि वेळ नेमकी ह्याचीच. मी काय समजायचं?”

“साहेब, ह्यानेच केलं असं धरून तुम्ही थांबलात, आणि ते दुसऱ्याच कुणी केलं असलं, तर भोक तसंच उघडं राहतं. दुसरी मुलगी आहे अजून.”

“मग मला उद्या दुपारपर्यंत दुसरं काहीतरी आणून दाखवा,” ते म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. “कागदपत्रं करायला घ्यावी लागतील मला नाहीतर.”

४

बोरीला वस्तीवर पोहोचायला तिसरा प्रहर झाला. काढलेला कांदा शेतात पातीखाली झाकून पडला होता. विहिरीच्या कठड्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. चिमाबाई ओसरीत बसून होती, हात मांडीत, समोर काहीच काम नाही. अशी ती कधी बसली नसेल.

“तुमी पुलीस का?”

“नाही आजी. मी तिला शिकवायची.”

“मंग बसा.” म्हातारीने घोंगडीचं टोक सरकवलं. “पुलिसांस्नी सांगून सांगून तोंड दुखलं. त्यांस्नी वाटतं मीच कुटं बोलले. चार म्हयनं मी देवळात सुदिक गेले न्हाई, कुणी इचारील म्हणून. भाची हाय म्हणायचं, सुमन नाव. माझ्या लेकाला बी खरं नाव ठाव नव्हतं.”

“तिच्याकडे फोन होता?”

“न्हाई. तिचा फोन त्या मुडद्यानंच हिसकून घेतला व्हता, पळाली तवा. ती म्हणायची, आजी, बरं झालं, फोन गेला अन् पीडा गेली.” म्हातारी विहिरीकडे न बघता बोलत होती. “लई गुणाची. संकष्टी धरायची. त्या अंगारकीला म्हणली, ताई माझ्या नावानं देवाला अभिषेक घालणार हायेत, आता माझं बरं व्हईल.”

बाई काही बोलल्या नाहीत. गप्प बसलं की लोक पुढचं सांगतात, हे त्यांना सकाळच्या मौनाने कधीच शिकवलं होतं.

“आन् येक बेणं आलं व्हतं,” चिमाबाई एकदम म्हणाली. “तिला नेलं त्या दिवशी, दुपारी. मोटारसायकलवर. हातात पुडा. म्हनं, अक्षदा कोण हाय हितं? सही करा. मी खवळले. म्हनलं, सकाळीच नेली तिला, आता आलास व्हय! हाकलून लावला.”

“अक्षदा म्हणाला? सुमन नाही?”

“अक्षदाच. पुड्यावर लिवल्यालं व्हतं, त्यानं वाचून दावलं.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“त्यांनी इचारलं, ती जायच्या आधी कोण आलं. हा तर मागनं आला. मेलेल्या मानसाला पुडा देनारा कसला गुन्हेगार?”

 खुनी येऊन गेल्यावर काही तासांनी त्याच पत्त्यावर, खऱ्या नावाने, एक पुडा आला होता. नवरा कुणाला विचारत आलाच नव्हता. पुडा निघाल्याची खबर त्याला कुठूनतरी आधीच लागली होती आणि तो पुड्याच्या पुढे धावला होता.

५

मंगळवारी सकाळी माळा पुऱ्या करून बाई ओवरीत आल्या. मंगलताईंचा निरोप होता, अंग मोडून आलंय, येत नाही. ज्ञानेश्वरने कुलूप उघडलं.

बाईंनी फाईलकडे पाहिलंही नाही. गेणभाऊंचा पहिला प्रश्न आधी. त्यांनी यंत्राला थेट हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली आणि एक ओळ टाईप केली. यंत्र कधी चालू झालं, कधी बंद झालं, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं. ती महिन्याभराची यादी पडद्यावर सरसर उतरली.

“ज्ञानेश्वर, तुमचं ऑफिस किती वाजता उघडतं?”

“दहा. साडेपाचला बंद.”

“ह्याच्या मते तसं नाही. महिन्याच्या सुरुवातीला तसंच आहे, दहा ते साडेपाच. आणि मग एका दिवसापासून बघ. चालू दुपारी साडेतीन, बंद रात्री अकरा. रोज. तू रात्री अकरापर्यंत बसतोस का रे इथे?”

ज्ञानेश्वर वाकून बघू लागला. “छे हो. सव्वापाचची एसटी असते माझी, साडेपाचला पण मी नसतो पुष्कळदा.”

“मग त्या दिवशी काय बदललं?”

तो बराच वेळ कानामागे खाजवत राहिला. “बाई, तालिबला सांगू नका. योजनेच्या फॉर्मला अंगठ्याचं मशीन लागतं. ते लिनक्सवर चालेना. मी नारायणगावच्या एकाकडून ह्याच कॉम्प्युटरवर शेजारी विंडोज टाकून घेतलं. चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं. विंडोजला नेट आहे, लिनक्सला नाही. तालिब चिडला असता, म्हणून...”

“चिडला असता, पण वाचला असता,” बाई म्हणाल्या. “एका घरात दोन भाडेकरू आणि घड्याळ एकच, असं झालंय हे. विंडोज आतल्या घड्याळात इथली वेळ लावून जातं. लिनक्स समजतं ती लंडनची वेळ आहे, आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. नेट असतं तर त्याने स्वतःच चूक दुरुस्त केली असती. पण ह्याचं दार आम्हीच बंद केलं होतं, मुलींसाठी. आणि पडद्यावरचं घड्याळही काढलेलं. कोणाला दिसणार?”

ज्ञानेश्वर मनातल्या मनात वजाबाकी करू लागला. “म्हणजे पाच दहा नाही... अकरा चाळीस.”

“सकाळचे अकरा चाळीस. तेव्हा तालिब कुठे होता?”

“दुकानात असणार. गिऱ्हाइकं सांगतील. आणि मी अकरा ते दोन तहसीलला, टोकन घेऊन बसलो होतो. टोकनवर वेळ छापलेली आहे.” त्याने पाकिटातून चिठोरं काढलंसुद्धा, घाईघाईने, आणि मग त्याचा हात थांबला. “मग बाई, इथे होतं कोण?”

बाईंनी यादी खाली सरकवली. त्या पुढची ओळ बघत होत्या. फाईल उघडल्यानंतर दहा मिनिटांनी यंत्र बंद झालं नव्हतं. नव्याने सुरू केलं होतं. आणि त्या दिवशी नंतर लिनक्सची नोंदच नाही. म्हणजे जे कोणी होतं ते फाईल वाचून विंडोजमध्ये गेलं. पत्ता विकणारा माणूस चिठ्ठीवर लिहून निघून जाईल. ह्या माणसाला त्याच खुर्चीत बसून इंटरनेट हवं होतं. कसला तरी फॉर्म भरायचा होता.

विंडोजची फोल्डरं लिनक्समधून वाचता येतात. नेटवरून उतरवून घेतलेल्या कागदांमध्ये योजनांच्या फॉर्मांच्या गर्दीत एक पावती होती. मंगळवार, अकरा अठ्ठावन्न. घरबसल्या पूजा बुक करून देणाऱ्या कुठल्याशा खासगी वेबसाईटची. वर लाल गणपती, खाली रकाने.

यजमान: अक्षदा. सेवा: अंगारकी अभिषेक. प्रसाद पाठवण्याचा पत्ता: द्वारा चिमाबाई, बोरी बुद्रुक. यजमानाचा मोबाईल नंबर. आणि तळाला बारीक अक्षरांत: प्रसाद निघाल्यावर या नंबरवर पूर्ण पत्त्यासह संदेश पाठवला जाईल.

“हा नंबर,” ज्ञानेश्वरने रकान्यावर बोट ठेवलं, “तिच्या अर्जाच्या पहिल्या पानावरचा आहे. मीच लिहून घेतला होता. तो फोन तर...”

“नवऱ्याकडे,” बाई म्हणाल्या.

पासवर्ड एकीलाच माहीत होता. तालिब खरं बोलत होता हे धरलं की दुसरं कुणी उरत नव्हतं. मंगल पाचला बाईंच्या घरी होती हे खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आणि तिच्या प्रसादात दूर्वा नव्हती. देवाच्या पायापर्यंत न पोहोचलेल्या माणसाच्या प्रसादात ती कुठून असणार?

बाईंनी पावतीचं पान छापलं. तालिबने दुरुस्त केलेल्या प्रिंटरने ते एका झटक्यात ओढून घेतलं.

६

मंगलताई देवघरापुढे बसल्या होत्या. समया लावलेल्या नव्हत्या. बाईंनी पावती त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि शेजारी बसल्या, नेहमी बसायच्या तशा, गुडघ्याला गुडघा लावून.

मंगलताईंनी पावती उचलली नाही. “रांग पुलापर्यंत होती गं,” त्या म्हणाल्या. “पहाटे सहाला उभी राहिले. नऊला गुडघे राहिले. एकाने कळसाचं दर्शन घ्या म्हणून सांगितलं, ते घेतलं आणि परत फिरले. पण तिला शब्द दिला होता ना मी, तुझ्या नावाने अभिषेक करते म्हणून. अंगारकी चुकली तर पुढची कधी यायची? पत्ता नीट पडावा म्हणून फाईल उघडली. मग सगळं भरलं. मोबाईल नंबर टाकल्याशिवाय पुढेच जाईना. यजमानाचा म्हणत होतं. मी यजमानाचा टाकला.”

“तुझा का नाही?”

“अभिषेक तिचा होता.”

बाईंनी पावती उचलून तिची घडी घातली.

“तुला कधी कळलं, मंगल?”

“रविवारी. चिमाबाईचा फोन आला, कुणी पुडा घेऊन आलं होतं म्हणून. तेव्हा.” त्यांनी हात जोडले नाहीत, रडल्याही नाहीत. “सोमवारी सकाळी तालिबला नेलं. मी म्हटलं, दुपारी सांगते. मग म्हटलं, वैजू शोधील. तुला बघून मला बरं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. तुझ्यासमोर मी म्हणाले ना, ज्याने फोल्डर केला त्याला असणारच म्हणून. ते मीच म्हणाले. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं, मला चांगलं आठवतंय.”

“अनवरीने काल त्या ठाण्याच्या पायरीवर रोजा सोडला.”

“माहीत आहे.”

बाईंना वाटलं होतं की खरा राग येईल. आला नाही. त्याच्या जागी वडिलांचा नव्हे, त्यांचा स्वतःचा प्रश्न वर आला.

“मंगल, त्या दिवशी एकीसाठीच केलंस?”

मंगलताईंनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडाचा रंग बाईंच्या डोळ्यांदेखत गेला.

“मंगल.”

“एकीचं केलं, मग दुसरीचं मनात आलं,” त्या पुटपुटल्या. “तिचा देव वेगळा, तिला काय पाठवू? ईद आहे ना आठवड्यावर. बाळाची पहिली. कपडे मागवले, छोटी टोपी आहे त्यात. तिच्या वाडीच्या पत्त्यावर. नंबर... पहिल्या पानावरचाच. वैजू, मला सवय झाली होती तोवर, पटापट भरलं. आत्ता तू विचारेपर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं गं.”

“तो नंबर कोणाकडे आहे?”

“दिराकडे.”

“फोन दे तुझा. कुठल्या दुकानातून मागवलंस ते उघड.”

मंगलताईंच्या हातातून बाईंनी फोन काढून घेतला. ऑर्डर सापडली. आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी गोदामातून निघाली होती. उद्या दुपारपर्यंत पोहोचेल. ग्राहकाला पत्त्यासह कळवण्यात आले आहे.

सव्वाअकरा वाजले होते.

“ऊठ,” बाई म्हणाल्या. “ही पावती घे, हा ऑर्डरचा फोन घे. ठाण्यात जा आणि फौजदारांना सगळं सांग. पहिलं वाक्य जास्मिनच्या दिराचं. त्याचं नाव, गाव, मोटारसायकल, सगळं. त्याला आधी अडवायला सांग. तालिबचं दुसरं. स्वतःचं तिसरं.”

“तू येत नाहीस?”

“नाही.”

“माझ्याबरोबर येत नाहीस, वैजू?”

हा प्रश्न सोळा वर्षांत मंगलने कधी विचारला नव्हता, कारण विचारावा लागला नव्हता. बाईंनी तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

“ज्ञानेश्वर खाली उभा आहे. तो नेईल तुला. आणि पायरीवर अनवरी असेल, तिच्यासमोरून मान खाली घालून जाऊ नकोस. तिला आधी सांग, मग आत जा.”

मंगलताई उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. बाई वरून बघत राहिल्या, मंगल ज्ञानेश्वरबरोबर रिक्षात बसून कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

मग त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, जास्मिनसाठी खुंटीवरची एक साधी हिरवी साडी पिशवीत घातली, बाळाला गुंडाळायला एक शाल घेतली. स्वतःच्या पर्समधला फोन बंद केला. बंद फोनही बरोबर नको असं वाटून तो तिथेच पिठाच्या डब्यामागे ठेवला. घोटा अजून दुखत होता. त्यावर घट्ट पट्टी आवळली.

स्टँडवर घोडेगावची गाडी लागलीच होती. अर्धी रिकामी. खिडकीजवळ बाजाराच्या पिशव्या घेऊन दोन बायका कांद्याच्या भावावरून वाद घालत होत्या.

“कुटं जायचं आजी?” कंडक्टरने विचारलं.

“घोडेगाव. एक.”

“त्याच्या फुडं?”

“पुढचं पुढे बघीन,” बाई म्हणाल्या, आणि सुट्टे पैसे त्याच्या हातावर ठेवून मागच्या बाकावर, जिथे कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी जाऊन बसल्या.